रीमॅपनंतर (इंजिनाच्या संगणकातले सॉफ्टवेअर बदलल्यावर) १.० लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन ११० वरून १६० अश्वशक्तीवर गेल्याचे ट्यूनर सांगतो. विश्वास ठेवावा का?

ठेवू नये, निदान ज्या कागदाच्या जोरावर तो हे सांगतो आहे, तो नीट वाचून होईपर्यंत तरी नाही. डायनोच्या, म्हणजे रोलरवर गाडीची शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदावर छापून येणाऱ्या अश्वशक्तीत मोजमाप थोडे आणि हिशेब फार असतो, आणि त्या हिशेबात हवा तसा हात घालता येतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आमच्या मेहुण्यांकडे १.६ लिटरची टर्बो पेट्रोल गाडी आहे, कागदोपत्री १५० पीएसची (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती). रीमॅपनंतर ते २३० चा आलेख मोबाइलमध्ये घेऊन फिरू लागले आणि भेटेल त्याला दाखवू लागले. मोजणीच्या वेळी मी तिथेच उभा होतो. रोलरवर, म्हणजे चाकांपाशी, आलेला कच्चा आकडा १६० होता. हवेचे तापमान टिपणारा सेन्सर मात्र रेडिएटरमागून येणाऱ्या गरम झोतात लोंबकळत होता. त्याने साठ अंशांच्या आसपास तापमान दाखवताच गरम हवेमुळे घटलेली शक्ती भरून देण्याची दुरुस्ती म्हणून सॉफ्टवेअरने आकडा १.०८ ने गुणला आणि १६० चे १७३ झाले. मग चाकांवरून इंजिनाची शक्ती काढण्यासाठी डायनो चालवणाऱ्याने गिअरबॉक्स आणि टायर मिळून २५ टक्के शक्ती खातात, असे स्वतःच्या मनानेच टंकले आणि १७३ ला ०.७५ ने भागून २३० तयार झाले. खोलीतल्या हवेचे खरे तापमान धरले असते, तर दुरुस्ती दोन टक्क्यांच्या आसपास आली असती, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मॅन्युअल गाडीत १३ टक्के घट धरणे मला पुरेसे वाटते. तसे केले, तर उत्तर १८८ येते. शिवाय २३० पैकी ५७ पीएस वाटेत नाहीशी होतात म्हणजे ४२ किलोवॉट उष्णता गिअरबॉक्स आणि टायरमधून बाहेर पडते. ते खरे असते, तर त्या गिअरबॉक्सचे तेल पाहण्यासारखे झाले असते.

टर्बो इंजिनाच्या बाबतीत तर या दुरुस्तीवर मुळातच संशय घ्यायला हवा. बाहेरच्या हवेचा दाब कमी असला, तरी ईसीयू (इंजिनाचा संगणक) वेस्टगेट, म्हणजे टर्बोला आवर घालणारी झडप, आवळून ठरलेला बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) बऱ्याच अंशी गाठतोच, त्यामुळे साध्या इंजिनासाठी बेतलेले सूत्र इथे लावणे म्हणजे टर्बोने भरून काढलेली तूट पुन्हा एकदा भरून देणे होय.

मी मेहुण्यांना हवेचा हिशेबही करून दाखवला. ५५०० आरपीएमला त्यांच्या गेजवर १ बार बूस्ट होता. इंटरकूलरनंतरची, म्हणजे टर्बोतून आल्यावर गार केलेली, हवा ५० अंशांवर धरली आणि सिलिंडर ९० टक्के भरतात असे मानले, तर १.६ लिटरचे इंजिन मिनिटाला साडेआठ किलो हवा ओढते. तेवढ्या हवेत जाळता येणाऱ्या पेट्रोलातून १८५ ते १९० पीएस निघतात. २३० साठी लागणारी हवा इंजिनात शिरतच नव्हती. यावर मेहुण्यांनी फॉर्म्युला वनमधील बीएमडब्ल्यूच्या १.५ लिटर टर्बो इंजिनाचा दाखला दिला, की १९८६ मध्ये ते १४०० अश्वशक्ती देत होते, मग १.६ लिटरमधून २३० म्हणजे काय मोठेसे! त्या इंजिनाचा बूस्ट ५ बारच्या वर होता, आणि १४०० हा आकडाही अंदाजाचाच होता, कारण डायनो १२८० च्या पुढे मोजतच नव्हता. हे ते इंजिन घडवणारे पाऊल रोशे यांनीच सांगून ठेवले आहे. मेहुण्यांना हे अजून मान्य नाही.

आपल्या गाडीविषयी बोलायचे, तर १.० लिटरमधून १६० मिळवायला वरच्या आरपीएमला १.७ बारच्या आसपास बूस्ट टिकला पाहिजे, आणि मूळचा लहान टर्बो तिथे दमतो. १३० ते १४० म्हटले असते, तर मी वाद घातला नसता. ट्यूनरकडून दुरुस्तीविना चाकांपाशी आलेला आकडा, त्याच रोलरवर रीमॅपच्या आधी घेतलेली मोजणी आणि बूस्टची नोंद मागून घ्या. टॉर्क (इंजिनाचा पिळाचा जोर) आणि शक्तीचे आकडे एकमेकांशी जुळतात का, तेही पाहा: न्यूटन मीटरमधील टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ७०२४ म्हणजे पीएस. ५५०० ला १६० पीएस हवे असतील, तर त्याच ठिकाणी २०४ न्यूटन मीटर दिसले पाहिजेत.

डायनो नकोच असेल, तर बंद ट्रॅकवर एकाच गिअरमध्ये ताशी ८० ते १२० किलोमीटरचा वेळ घ्या. चालकासह १४०० किलोच्या गाडीला त्यासाठी ४३२ किलोज्यूल ऊर्जा लागते. तिला सेकंदांनी भागून हवेच्या व टायरच्या विरोधाचे १४ किलोवॉट मिळवले, की चाकांपाशी मिळालेली सरासरी शक्ती कळते. मेहुण्यांना हा प्रयोग मी कितीदा तरी सुचवला, पण दर वेळी टायर झिजलेले निघतात.

एक सांगायचे राहिले. कंपनीचा आकडाही वेदवाक्य मानू नये. जपानी कंपन्या १९८९ ते २००४ पर्यंत आपसातल्या समजुतीने कागदावर २८० पीएसच्या वर जात नव्हत्या, प्रत्यक्षात काही टर्बो गाड्या त्याहून जास्त देत असल्या तरी. आपली गाडी मुळातच ११० पेक्षा जास्त देत असेल, तर रीमॅपने वाढलेली शक्ती आणखी कमी ठरते, आणि आधीची मोजणीच नसेल, तर पन्नासची वाढ कशावरून काढली, हे ट्यूनरने सांगावे. वरचा हवेचा हिशेब डिझेलला लागू होत नाही, कारण तिथे हवा नेहमीच गरजेपेक्षा जास्त असते.