‘काही त्रास नाही’ म्हणणाऱ्या पेशंटला काय विचारायचं

प्रिय मुली,

काल सकाळी सलाईन जोडता जोडता तू त्या काकांना विचारलंस, "काही त्रास?" त्यांनी मान हलवली. तू फॉर्मवर ‘तक्रार नाही’ लिहिलंस आणि पुढच्या खुर्चीकडे वळलीस. संध्याकाळी मात्र तूच मला विचारलंस, कॅन्सरच्या केमोचे इतके साईड इफेक्ट लक्षात ठेवायचे तरी कसे? तेव्हा ड्यूटी बदलायची घाई होती. आज सवडीने लिहिते आहे.

यादी पाठ करायला बसू नकोस. यातली बहुतेक औषधं भराभर दुभंगणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि त्यातली आजाराची कोणती, आपली कोणती, हे त्यांना नीट ओळखता येत नाही. केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, हाडांच्या पोकळीतला रक्त तयार करणारा मगज, या सगळ्या पेशी आपल्याही शरीरात सतत वाढत असतात. म्हणून केस जातात, तोंड येतं, जुलाब लागतात, रक्तातल्या पेशींचे काउंट पडतात. एवढं पक्कं समजलं की निम्मी यादी आपोआप लक्षात राहते. उरलेली निम्मी म्हणजे एकेका औषधाचा स्वभाव, तो हाताखालून पेशंट गेले की कळत जातो.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. त्रासाचंही एक वेळापत्रक असतं. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची मळमळ पहिल्या दिवशी इंजेक्शनांनी दबते आणि दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, पेशंट घरी असताना, परत उसळते. पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तळाला जातात. केस दोन-तीन आठवड्यांनी उशीवर दिसायला लागतात. एकवीस दिवसांनी पुढच्या डोससाठी पेशंट आपल्यासमोर येऊन बसतो तोवर तोंडातले फोड बरे झालेले असतात, काउंट वर आलेले असतात, चार घास पोटात गेलेले असतात. म्हणजे आपण त्याला बघतो ते त्याच्या सगळ्यात बऱ्या दिवशी. त्या दिवशी "काही त्रास?" विचारलं तर तो "नाही" म्हणणारच, आणि ते खोटंही नसतं.

काही जण मात्र जाणूनबुजून लपवतात. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी माझ्याकडे एक गृहस्थ येत, ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू होतं. दर वेळी हसून सांगायचे, "एकदम ठीक, सिस्टर." मीही तुझ्यासारखंच ‘तक्रार नाही’ लिहीत गेले. आठव्या सायकलला, म्हणजे केमोच्या आठव्या फेरीला, त्यांचा शर्ट काढायचा होता. बघते तर वरच्या बटणाशी त्यांची बोटं नुसती सरकतायत. बटण बोटांत येतंय, पण आलेलं त्यांना कळत नाहीये. शेवटी बायको पुढे झाली आणि तिने न बोलता सगळी बटणं काढली, रोजची सवय असल्यासारखी. मी बघतच राहिले. मग ती म्हणाली, "दोन महिने झाले, मीच लावते." ते खाली बघत होते. डॉक्टरांना कळलं तर औषध कमी करतील आणि आजार परत येईल, ही त्यांची भीती.

त्या दिवशी औषध थांबवलं, पण या औषधाने नसांना झालेली इजा ते बंद केल्यावरही काही महिने वाढत राहू शकते. त्यांची वाढली. चौथ्या सायकलला मी एकदा जरी विचारलं असतं, "शर्टची बटणं स्वतः लावता का?", तरी डोस वेळेत कमी करता आला असता. ही चूक माझी होती. तुझ्या हातून ती होऊ नये, एवढ्यासाठी सांगते आहे.

म्हणून ‘त्रास’ हा शब्द सोडून दे आणि रोजच्या कामांबद्दल विचार. ऑक्सॅलिप्लॅटिनवाल्याला विचार, गार पाणी पिताना घशात चमक येते का, फ्रीजमधली वस्तू हातात धरवते का. पहिल्या काही दिवसांचा हा गारव्याचा त्रास ओसरतो. दोन सायकलींच्या मधल्या काळातही बधिरपणा राहत असेल तर ती पुढची पायरी, ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घाल. पॅक्लिटॅक्सेल चालू असेल तर चालताना पायातली चप्पल निसटलेली कळते का, ते विचार. व्हिन्क्रिस्टिनला पोट किती दिवसांत साफ झालं ते विचार. ते आतड्याच्या नसाही सुस्त करतं आणि उलटीच्या गोळीने त्यात भर पडते. सिस्प्लॅटिनवाल्याच्या घरच्यांना विचार, टीव्हीचा आवाज वाढवायला लागले आहेत का, कानात शिट्टी वाजते म्हणतात का. कॅपेसिटॅबिनच्या गोळ्या घेणाऱ्याचे तळवे स्वतः बघ. लाल, सोललेले, चुरचुरणारे तळवे माणूस मुठीत लपवून बसतो.

हे मी नुसतं अनुभवावर बोलत नाही. ईथन बॅश या अमेरिकन कॅन्सरतज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी ७६६ पेशंटवर एक अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. एका गटाने आपली लक्षणं ठरलेल्या प्रश्नांतून नियमित नोंदवली आणि एखादं लक्षण वाढलं की नर्सला सूचना जायची. दुसऱ्या गटाची नेहमीची पद्धत चालू होती. पहिल्या गटातले निम्मे पेशंट ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, दुसऱ्या गटात हाच आकडा २६ महिने निघाला. वेगळी केमो दिलेली नव्हती, लक्षणं वेळेत कळत होती एवढाच फरक. हा आकडा वाचला तेव्हा मला पहिल्यांदा ते बटण आठवलं.

आता तापाबद्दल, यात मात्र सवलत नाही. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून वर ताप गेला की रात्रीचे दोन वाजले असले तरी पेशंटने फोन करून हॉस्पिटलला निघायचं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५००च्या खाली असताना शरीराकडे पू करायलाही पेशी नसतात. सूज नाही, लाली नाही, कधी कधी ताप हीच एकमेव खूण. पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक शिरेत जायला हवं. घरच्यांना विशेष सांग की ताप न मोजता पॅरासिटामॉल द्यायचं नाही, त्याने ती एकुलती एक खूणही झाकली जाते. घरात थर्मामीटर आहे का, हे पहिल्याच दिवशी विचार. कित्येकांकडे नसतो.

आणखी एक. जे होणारच आहे ते आधी सांगून ठेव. डॉक्सोरुबिसिननंतर दिवस-दोन दिवस लघवी लालसर होते, तो औषधाचा रंग असतो. हे ठाऊक नसलेला माणूस रक्त जातंय समजून रात्रभर थरथरत बसतो. औषध शिरेत जात असताना हातावर आग झाली तर क्षणभरही सहन करायची नाही, हेही सांग. आपल्या लोकांना सहन करण्याची फार सवय असते, आणि हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडी मरते.

डोस कमी करण्याची भीतीही तूच काढायची आहेस. त्यांना सांग की त्रास कळला तर डॉक्टरांच्या हातात बरंच काही असतं: डोस थोडा उतरवणं, एखादा आठवडा पुढे ढकलणं, उलटीचं औषध बदलणं. न सांगता एक दिवस सगळंच थांबवावं लागण्यापेक्षा हे बरं. पण हे उभ्या उभ्या सांगू नकोस. स्टूल ओढून बस. सोबत आलेल्या माणसाला वेगळं गाठ, खरं तिथेच निघतं.

कालचे काका मंगळवारी परत येतील, चौथी सायकल आहे. फाइल काढून बघितली, त्यांचंही ऑक्सॅलिप्लॅटिनच चालू आहे. सलाईन जोडण्याआधी त्यांना शर्टाचं वरचं बटण काढून परत लावायला सांग, आणि तेवढा वेळ त्यांच्या बोटांकडे बघ.

तुझी,
सिस्टर