जर्मनीतील हिवाळ्यासाठी कमीत कमी कपडे कोणते घ्यावेत?

पुण्याहून शिक्षणासाठी बर्लिनला जाताना एका बॅगेत मावतील एवढेच गरम कपडे न्यायचे असतील, तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी: तिथे जानेवारीत बाहेर तापमान शून्याच्या आसपास असले, तरी घरे, वर्ग आणि दुकाने आतून चांगली उबदार असतात. म्हणून एकच जाडजूड स्वेटर घालण्यापेक्षा सहज काढता-घालता येतील असे तीन थर अधिक उपयोगी पडतात.

अंगालगतचा थर सुती नसावा, कारण सूत घाम शोषून ओलेच राहते आणि अंग गार पडते. याउलट लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा शोषूनही ऊब टिकवते आणि तिला वासही लवकर येत नाही. त्यामुळे मेरिनो जातीच्या मेंढीच्या मऊ लोकरीचे दोन पातळ सदरे आठवडाभर आलटून पालटून सहज पुरतात. त्यांवर एक लोकरी स्वेटर, आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे, मांड्यांपर्यंत येणारे एकच जाकीट असावे. जाकीट मात्र तिथेच घ्यावे, आणि स्वेटर घालून मापून पाहावे. इथे घेतलेले बहुधा कमी पडते.

गडद निळा, करडा, काळा अशा रंगांत राहिल्यास सर्व कपडे एकमेकांवर चालतात. दोन पँट पुरेत. खरी काटकसर पायांत करू नये: पाणी न शिरणारे, खोल नक्षीच्या तळव्यांचे बूट आणि लोकरी पायमोज्यांचे चार जोड हवेतच. कानटोपी आईने दिलेली चालेल.