“दहावीचा दाखला आहे ना, मग होऊन जाईल” असं कॉलेज म्हणत असेल तर

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलाला डिस्लेक्सिया आणि डिस्ग्राफिया (वाचायला आणि लिहायला अडचण येणारी अध्ययन अक्षमता) आहे, त्याच्या दाखल्यावर दहावीला लेखनिक (तो सांगेल ते लिहून देणारा) आणि जादा वेळ दोन्ही मिळालं, आता तो अकरावीत आहे आणि कॉलेजच्या ऑफिसात विचारलं तर “दहावीचा दाखला आहे ना, मग होऊन जाईल, बारावीचा फॉर्म भरताना या” एवढंच उत्तर मिळालं. वाचून पोटात गोळा आला. माझ्या लेकीच्या वेळी आम्हाला जवळजवळ हेच शब्द ऐकवले होते, आणि त्याचीच किंमत सगळ्यात जास्त मोजावी लागली. म्हणून सविस्तर लिहिते.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. नियम दर वर्षी थोडेफार सरकतात, त्यामुळे शिक्षण मंडळाचं यंदाचं परिपत्रक स्वतः वाचा, माझ्या शब्दावर जाऊ नका. निदान, रेमेडियल (विशेष शिकवणी), खासगी रिपोर्ट आणि सरकारी दाखला यांतला फरक, हे सगळं तुम्ही दहावीपर्यंत केलेलंच आहे, त्यात वेळ घालवत नाही.

दहावीला मिळालेली मंजुरी दहावीपुरतीच असते. बारावीसाठी कनिष्ठ महाविद्यालयाला विभागीय मंडळाकडे नव्याने प्रस्ताव पाठवावा लागतो, मंडळाचं मंजुरीपत्र यावं लागतं, आणि ते पत्र परीक्षा केंद्रावर असावं लागतं. आपोआप काहीच पुढे सरकत नाही. दुसरी गोष्ट दाखल्याच्या वयाची. केंद्र सरकारच्या मूल्यमापन नियमांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचा दाखला वयाची आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतो, मग 14 व्या वर्षी आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी करायची असते. 18 व्या वर्षीचा दाखला मग कायमचा. तुमचा मुलगा ऐन बारावीच्या आसपास अठराचा होणार. म्हणजे जुना दाखला नेमका परीक्षेच्या तोंडावर प्रश्नात येणार, आणि नव्यासाठी सरकारी रुग्णालयाची तारीख लगेच मिळत नाही. एका दिवसाचं काम नसतं ते. आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, मग निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला, मग वैद्यकीय मंडळासमोर. मुंबईत सायन किंवा नायर रुग्णालयात जाणारे पालक सांगतील तिथली रांग कशी असते. त्यामुळे तारखेसाठी आजच विचारा. फॉर्मची वाट बघू नका.

आता आमच्याकडे काय झालं ते. कॉलेजचं नाव घेत नाही, घेऊन आता उपयोगही नाही. अकरावीच्या सुरुवातीलाच अर्ज आणि दाखल्याची प्रत दिली. टेबलावरच्या बाईंनी ती एका फाइलमध्ये सरकवली. मी पोच मागितली तर म्हणाल्या, “अहो मॅडम, कॉलेजवर विश्वास नाही का?” पुढे बारावीच्या फॉर्मच्या वेळी गेले तेव्हा टेबलावर दुसरेच गृहस्थ होते आणि त्यांना फाइल सापडेना. सापडली तेव्हा म्हणाले, दाखला जुना झालाय, नवा आणा. नवा आणला. मग प्राचार्यांची सही राहिली होती. मग प्राचार्य रजेवर. प्रत्येक वेळी “गेलाय प्रस्ताव, येईल पत्र” हेच. प्रस्ताव कॉलेजबाहेर पडलाच नव्हता हे आम्हाला विभागीय मंडळात चौकशी केल्यावर कळलं, आणि तोवर हॉलतिकीट हातात आलं होतं.

पहिला पेपर इंग्रजीचा. शेजारची नववीतली मुलगी लेखनिक म्हणून शाळेच्या गणवेशात, पॅड घेऊन आमच्याबरोबर फाटकापर्यंत आली आणि तिथूनच परत गेली. केंद्रसंचालक सज्जन होते, पण मंडळाच्या पत्राशिवाय त्यांच्या हातात काहीच नव्हतं. माझ्या लेकीला उतारा समजून घ्यायला तीनदा वाचावा लागतो, आणि पानभर लिहिलं की अक्षर तिचं तिलाच लागत नाही. शेवटचे लिखाणाचे प्रश्न कोरे राहिले. तेच प्रश्न तिला तोंडी विचारले असते तर तिने अर्धा तास बोलून दाखवलं असतं. मंजुरीपत्र परीक्षा निम्मी उलटल्यावर आलं. इंग्रजी राहिला, पुरवणीला निघाला, पण तोवर तिला जिथं जायचं होतं तिथले प्रवेश संपले होते.

त्या ऑफिसातल्या कुणी मुद्दाम वाईट केलं असं मला वाटत नाही. पण कुणाच्याच नावावर ते काम नव्हतं, आणि कागदावर आमचा अर्ज अस्तित्वातच नव्हता. तक्रार केली तर विचारलं, “कधी दिला होता अर्ज?” काय दाखवणार?

म्हणून, ताई, पोच. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. देत नसतील तर वाद घालत बसू नका, तोच अर्ज प्राचार्यांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा. अर्जात शेवटी एक वाक्य घाला: “सदर प्रस्ताव विभागीय मंडळाकडे पाठवल्याचा जावक क्रमांक व दिनांक कृपया कळवावा.” या जावक क्रमांकावर अडून बसा. आवक क्रमांक म्हणजे कागद त्यांच्याकडे आला, जावक क्रमांक म्हणजे तो त्यांच्याकडून निघाला. आमचा सगळा घोळ या दोन नोंदींच्या मधेच झाला. क्रमांक मिळाला की मंडळात जाऊन तो तिथं पोचलाय का हेही बघा. पालक फार चिकट आहेत असं म्हणतील. म्हणू दे.

तरीही हलत नसेल तर कायद्याचा आधार घ्या. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे, त्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता स्पष्टपणे आहे. कलम 23 प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. त्याचं नाव लेखी विचारा, पुष्कळदा एवढ्यानेच फाइल हलते. राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त पुण्यात बसतात, तिथं लेखी तक्रार करता येते. प्रस्तावाचं काय झालं हे माहिती अधिकारातही विचारता येतं, पण त्याचं उत्तर 30 दिवसांत द्यायचं असतं, त्यामुळे तो अर्ज जानेवारीत करून फायदा नाही, पावसाळ्यातच करा.

दाखल्यावरची अक्षमता बघून कुणी “40 टक्के नाहीत, मग लेखनिक कसा?” असं म्हणालं तर विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग हा 11 फेब्रुवारी 2021 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल छापून न्या. लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवाराला केवळ 40 टक्क्यांची अट दाखवून लेखनिक नाकारता येणार नाही, असं त्यात आहे. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने 40 टक्क्यांखालच्या उमेदवारांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. मात्र उच्च शिक्षणातलं 5 टक्के आरक्षण हवं असेल तर तिथं 40 टक्क्यांची अट आहेच, या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

आणि कोर्टात जाऊन न्याय मिळेल यावर सगळी भिस्त ठेवू नका. 2021 च्या नीटला डिस्ग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला केंद्रावर जादा वेळ दिला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्यावर अन्याय झाला हे मान्य केलं, पण फेरपरीक्षा काही दिली नाही. हातातून गेलेला तास कुणी परत देत नाही. जे करायचं ते आधीच.

लेखनिकाबद्दल थोडं. मंडळाला कोणत्या इयत्तेचा चालतो ते परिपत्रकात बघा, साधारण खालच्या इयत्तेचा लागतो. केंद्राच्या 2018 च्या सूचनांत लेखनिकाला परीक्षेच्या दोन दिवस आधी भेटू द्यावं आणि भाषांसाठी वेगळा लेखनिक घेता यावा असं होतं. पण दोन दिवस कसले पुरतात! दिवाळीपासून सराव करा. सांगून लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे, आणि हुशार मुलंही तिथं अडतात. माझी लेक गणितात वर्गसमीकरणाचं सूत्र सांगायची, “वजा बी, अधिक-उणे, वर्गमूळ बी वर्ग वजा चार एसी, भागिले दोन ए”, आणि लेखनिक वर्गमूळाचं चिन्ह फक्त बी वर्गावर ओढायची. खालचा भागाकार कधी नुसत्या चार एसीला लागायचा. मग आम्ही खुणा ठरवल्या: “मूळ उघड”, “मूळ बंद”, “आता आडवी रेघ पूर्ण खाली”. भाषेत “नवा परिच्छेद”, “अधोरेखित”. आकृत्यांसाठी पट्टी कुठून कुठवर धरायची तेही बोलायची सवय लावली. जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, त्याच लेखनिकाबरोबर, घरातलं कुणी खोलीत न थांबता सोडवून घ्या. तीन तासांच्या पेपरला ताशी वीस मिनिटांच्या हिशेबाने एक तास जादा मिळतो. चार तास सलग बोलत राहणं किती थकवतं हे सरावाशिवाय कळत नाही.

हे माझं वैयक्तिक मत, पटलं तर घ्या: मिळते म्हणून प्रत्येक सवलत घेऊ नका. वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, या सवलती डोळे झाकून घ्या, कारण त्या अडथळा काढतात. विषयच हलका करणारी सवलत मात्र दहादा विचार करून घ्या. ती पुढच्या वाटा बंद करू शकते, आणि हे शाळेत कुणी समजावून सांगत नाही. एखाद्या मुलाला ती खरंच लागते, नाही असं नाही, पण आधी त्याला पुढे काय करायचंय ते विचारा.

सीईटीचंही तुम्ही विचारलंय. बारावी मंडळाची मंजुरी तिथं चालत नाही. प्रवेश परीक्षेची संस्था वेगळी, दाखल्याचा नमुना वेगळा, आणि जादा वेळ किंवा लेखनिक हवा हे ऑनलाइन अर्जातच नोंदवावं लागतं. माहितीपुस्तिकेत दिलेला नमुना आधीच छापून ठेवा आणि नव्या दाखल्यासाठी रुग्णालयात जाल तेव्हा तोही भरून, सही-शिक्का घेऊन या. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर तेही आता लावून टाका.

या सगळ्या धावपळीत मुलाला बरोबर घ्या. अठरा पूर्ण झाले की अर्जावर सही त्याचीच लागणार. माझी लेक सुरुवातीला ऑफिसात माझ्या मागे उभी राहायची. कॉलेजमध्ये गेल्यावर मात्र परीक्षा विभागात स्वतः जाऊन, पोच घेऊन यायला लागली. नातेवाइकांत कुणाला सांगायचं, कुणाला नाही, ते त्याला ठरवू द्या, पण त्याच्या स्वतःच्या कागदांत काय लिहिलंय ते त्याला पूर्ण माहीत असू द्या.

तुमच्या हातातला दाखला मुलाच्या कितव्या वर्षीचा आहे आणि तो कोणत्या महिन्यात अठराचा होतोय, एवढं लिहा. म्हणजे तपासणीची तारीख बारावीच्या फॉर्मच्या आधीची घ्यायची की वाढदिवसानंतरची, ते बघता येईल. आधीच्या तारखेला तपासणी झाली आणि ती अठराच्या आतली धरली, तर पदवीला पुन्हा सगळं करावं लागेल.