ट्रॉलीच्या चाकाला निप्पलमधून ग्रीस मारलं की झालं का?

नाही भाऊ, तेवढ्याने भागत नाही, तुमची केळीची ट्रॉली पावसाळ्यात नाल्यातून जाते म्हणताय तर पावसाळा संपला की दोन्ही हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) खोलून बेअरिंगला हातानेच ग्रीस भरा. निप्पलमधून (हबवरच्या ग्रीस भरायच्या छोट्या तोंडातून) मारलेलं ग्रीस बऱ्याचदा हबच्या पोकळीतच बसतं, रोलरच्या आत जात नाही, आणि जास्त दाबलं तर उलट मागचं सील (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रिंग) बाहेर येतं. आमच्याकडे रावेर-सावद्याच्या ट्रॉल्या याच कामाला येतात, खोलल्यावर ग्रीस दुधासारखं पांढरट निघालं की समजायचं पाणी शिरलंय. कारण लोड ओढून हब तापलेलं असतं, तसंच थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी ओढून घेते, म्हणून नाल्याआधी जरा थांबून हब गार होऊ द्या.

खोललं की:
- जुनं ग्रीस रॉकेल किंवा डिझेलने पूर्ण धुवा, नीट वाळवा
- रोलर निळसर पडले असतील किंवा खड्डे दिसले तर बेअरिंग आणि कप (रोलर ज्यात फिरतात ती बाहेरची रिंग) दोन्ही बदला, एकटं बेअरिंग नको
- लिथियमचं ईपी-२ (जास्त दाब सोसणारं) ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूने दाबत भरा, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत
- सील आणि स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून लावायची पिन) नवीनच टाका, तिथे कंजूषी नको
- चाक फिरवत नट आवळा, मग थोडा सैल करून पिन लावा

फक्त तुमच्या हबात सीलबंद बेअरिंग असेल तर यातलं काही करू नका, ते खराब झालं की अख्खंच बदलतात.