संहिता हातात आहे, पुढे काय?

या अंकासाठी आलेल्या पत्रांमध्ये नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतील नव्या नाटककारांची पत्रे इतकी होती, की हे सदर यावेळी त्यांच्यासाठीच ठेवले आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे वगळली असून पत्रे संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात लेखा विभागात नोकरी करते. माझ्या एकांकिकेला यंदा एका खुल्या स्पर्धेत लेखनाचे पारितोषिक मिळाले. प्रयोग पाहून मुंबईच्या एका निर्मात्यांनी ‘याचे दोन अंकी करा, आपण करू या’ असे सांगितले. नोकरी सोडून काही महिने मुंबईत राहावे असे वाटते. घरच्यांचा विरोध आहे. नाटकातील मित्र मात्र म्हणतात, की नाशकात राहून कोणी नाटककार होत नाही. काय करावे?

उत्तर : तुमच्या मित्रांचे वाक्य निदान या गावात तरी कोणी उच्चारू नये. वसंत कानेटकर एचपीटी महाविद्यालयात प्राध्यापकी करत नाशकातच राहिले. १९६२ मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आले, तेव्हाही त्यांचे बिऱ्हाड याच गावात होते. १९७० मध्ये ‘नटसम्राट’ देणारे शिरवाडकरही नाशिककरच. तो काळ वेगळा होता असे कोणी म्हणेल, म्हणून अलीकडचे उदाहरण देतो. प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ आधी एकांकिका होते आणि २०१७ मध्ये ते व्यावसायिक रंगभूमीवर गेले. दत्ता पाटील यांनीही नाशिकच्या नटसंचाला समोर ठेवून सातत्याने लिहिले आहे. तेव्हा गावाचा प्रश्न बाजूला ठेवू आणि पगाराकडे वळू.

निर्मात्यांनी ‘करू या’ म्हटले ते मनापासूनच म्हटले असेल. तरीही संहिता पूर्ण झाल्यापासून पहिल्या प्रयोगापर्यंत वाचने, फेरलेखन, नटांच्या तारखा, नेपथ्य, तालमी आणि नाट्यगृहाच्या तारखा असा बराच पल्ला असतो आणि त्यातील पुष्कळ गोष्टी निर्मात्याच्याही हातात नसतात. लेखकाचे मानधन बहुधा प्रयोगागणिक ठरते, त्यामुळे ते नाटक उभे राहिल्यानंतरच हाती येऊ लागते. याचा अर्थ असा, की ज्या महिन्यांसाठी तुम्ही नोकरी सोडू पाहता, नेमक्या त्याच महिन्यांत नाटकातून एक रुपयाही येणार नाही, आणि त्यातच मुंबईचे भाडे भरावे लागेल. घरच्यांचा विरोध भीतीपोटी असला, तरी हिशेबाला तो बरोबर आहे. नोकरी सोडू नका. रजा मात्र जपून वापरा. लेखनासाठी रजा खर्च करण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु लेखन पहाटे किंवा रात्री घरी बसून होऊ शकते. तालमीचा शेवटचा आठवडा तुमच्या सवडीने येत नाही, म्हणून रजा त्यासाठी राखून ठेवावी. मुंबईला जायचे ते वाचनासाठी आणि ठरलेल्या बैठकीसाठी जावे. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने गेलेला माणूस रात्री घरी परत येऊ शकतो, ही सोय राज्यातील फार थोड्या नाटककारांना आहे.

आता ‘दोन अंकी करा’ या सूचनेविषयी. स्पर्धेच्या एकांकिकेत पंधरा-वीस मुलांचा समूह सहज वावरतो, कारण तेथे कोणालाच पैसे मिळत नसतात. व्यावसायिक नाटकात एक पात्र वाढले की एक नाइट, म्हणजे नटाचे प्रत्येक प्रयोगाचे मानधन, वाढते, बसमधील एक आसन वाढते आणि दौऱ्यावर मुक्कामाचा खर्चही वाढतो. म्हणून लिहायला बसण्यापूर्वीच निर्मात्यांना विचारा, की किती पात्रे आणि किती स्थळे त्यांच्या आवाक्यात आहेत. असा प्रश्न विचारल्याने लेखकाचा मान कमी होत नाही, उलट समोरच्याला कळते की या बाईंना नाटकाचा व्यवहार ठाऊक आहे.

वाढवायचे म्हणजे काय, हे त्याहून अवघड आहे. पाऊण तासाची एकांकिका एका प्रसंगाच्या टोकावर उभी असते. तिच्यात शेजारीण साखर मागायला आली, मधेच जुना मित्र टपकला, दोन फोन वाजले, असे करून तिला सव्वादोन तासांपर्यंत ताणले की मूळचा नेमकेपणा जातो आणि प्रेक्षकाला मध्यंतरापूर्वीच चहाची आठवण येते. मला विचाराल तर, तुमच्या एकांकिकेचा शेवट झाल्यानंतरच्या सकाळी त्या घरात काय घडते, हे आधी लिहून पाहा. तेथे नवा पेच सापडला, तर आजची एकांकिका हा तुमचा पहिला अंक आहे आणि दुसरा अंक त्या सकाळपासून सुरू होतो. काहीच सापडले नाही, तर ती गोष्ट एकांकिकेचीच आहे. तसे निर्मात्यांना स्पष्ट सांगून दुसरा विषय त्यांच्यापुढे ठेवावा. चांगली एकांकिका मोडून वाईट नाटक करण्यात कोणाचेच हित नाही.

या सगळ्यासाठी तुमच्या नाशिकच्या नटांइतकी मदत मुंबईत कोणी करणार नाही. नव्या मसुद्याचे वाचन त्यांच्याकडून करून घ्या आणि तुम्ही स्वतः वाचू नका, नुसते ऐका. समजा, नायिकेच्या तोंडी ‘मी उद्या सकाळी मुंबईला जाणार आहे, हे तुला सांगायचे माझ्याकडून राहूनच गेले होते’ असे वाक्य आहे आणि वाचणारी मुलगी दर वेळी ‘हे तुला’पाशी अडखळते, किंवा ‘राहूनच गेले होते’ पुटपुटत संपवते. दोष तिच्या वाचनात नाही. ती बाई नवऱ्याच्या ताटात पोळी वाढता वाढता एवढेच म्हणेल, ‘उद्याच्या पंचवटीनं निघतेय.’ सांगायचे राहिले होते की टाळले होते, ते त्या पोळीवरून कळते. अशा जागांवर पेन्सिलने खूण करत जावे आणि वाचन चालू असताना खुलासे देण्याचा मोह आवरावा.

प्रश्न : मी सिन्नरला राहतो. माझी एकांकिका दोन महाविद्यालयांनी आणि एका हौशी संस्थेने मागितली आहे. ‘स्पर्धेसाठीच तर करतोय, मानधन कसले?’ असे तिघांचेही म्हणणे आहे. यापूर्वी एका संघाने न विचारता प्रयोग केला आणि त्याचे चित्रीकरण यूट्यूबवर टाकले. संहितेची नोंदणी केलेली नसल्यामुळे माझा हक्कच नाही, असे त्यांनी मला सांगितले.

उत्तर : त्यांचे म्हणणे चुकीचे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संहिता लिहिली गेली की हक्क आपोआप निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. वाद उद्भवल्यास पुरावा म्हणून नोंदणीचा उपयोग होतो, म्हणून जमल्यास ती करावी. तोपर्यंत प्रत्येक मसुदा तारखेसह स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. हक्क संहितेवर असतो, कल्पनेवर नसतो, हेही ध्यानात ठेवा. ‘माझी कल्पना चोरली’ ही तक्रार कट्ट्यावर चालते, न्यायालयात सहसा चालत नाही.

याच कायद्यात एक सवलत आहे आणि हौशी मंडळी तिचा सोयीस्कर अर्थ लावतात. हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांपुढे, किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग हक्कभंग मानला जात नाही. गणेशोत्सवात मांडवात तुमची एकांकिका विनामूल्य झाली, तर कायद्याने तुम्हाला फारसे काही करता येणार नाही. एरवी तिकीट लावलेला प्रयोग मात्र या सवलतीत बसत नाही आणि चित्रीकरण करून ते यूट्यूबवर टाकणे ही तर सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. त्याला प्रयोगाची परवानगीही पुरत नाही. ते चित्रीकरण उतरवण्याची मागणी त्या संघाकडे लेखी करा आणि दाद लागली नाही तर यूट्यूबकडे हक्कभंगाची तक्रार नोंदवा. शिवाय बहुतेक स्पर्धा प्रवेशिकेसोबत लेखकाचे परवानगीपत्र मागतात. त्यामुळे ‘स्पर्धेसाठीच तर आहे’ असे म्हणणाऱ्या संघाला तुमच्या सहीवाचून पुढे जाता येत नाही, हे तुमच्या हातातील बळ आहे.

मानधन किती घ्यावे, याचा ठरलेला दर नाही. महाविद्यालयाच्या संघांकडून नाममात्र रक्कम घ्यावी, पण घ्यावी जरूर, असे माझे मत आहे. ध्वनियंत्रणा, प्रकाशयोजना आणि ट्रकसाठी पैसे काढणाऱ्या संघाला लेखकापाशी आल्यावरच गरिबी आठवते, ही आपल्या हौशी रंगभूमीची जुनी खोड आहे. एखाद्या संघाची खरोखरच ऐपत नसेल, तर रक्कम माफ करावी, पण पत्र माफ करू नये. त्या पत्रात कोणत्या स्पर्धेसाठी, कोणत्या वर्षासाठी आणि किती प्रयोगांसाठी परवानगी आहे, हे लिहावे. चित्रीकरण, भाषांतर, चित्रपट आणि मालिका यांचे हक्क दिलेले नाहीत, हे वाक्यही त्यात असावे. लेखकाचे नाव जाहिरातीत आणि घोषणेत येईल, असेही नमूद करावे. मुदत लिहिण्याचे राहून गेले तर कायदा ती ५ वर्षे धरतो, आणि एका एकांकिकेसाठी ५ वर्षे हा फार मोठा काळ आहे. अंबडच्या पत्रलेखिकेनेही हे वाचावे, कारण व्यावसायिक निर्मात्याला हक्क देताना याचीच दुसरी बाजू कामी येते. ज्याला हक्क दिले त्याने वर्षभरात ते वापरले नाहीत, तर करारात वेगळे काही ठरले नसल्यास ते लेखकाकडे परत येतात. काही निर्माते संहिता घेऊन कपाटात ठेवतात आणि लेखक भिडेपोटी विचारत नाही. म्हणून ही तरतूद करारातून वगळली गेली आहे का, ते सही करण्यापूर्वी पाहावे.

प्रश्न : आमच्या संस्थेने हौशी राज्य नाट्य स्पर्धेसाठी माझे नाटक केले. दिग्दर्शकांनी रंगीत तालमीनंतर शेवटचा प्रवेश बदलला आणि ते मला साईखेडकर नाट्यगृहात प्रेक्षकांत बसल्यावर समजले. नाटक अंतिम फेरीसाठी निवडले गेले आहे. आता बोललो तर संस्थेत फूट पडेल आणि न बोललो तर ते नाटक माझे राहणार नाही.

उत्तर : कायदा तुमच्या बाजूने आहे. संहितेचे हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही, तिच्यात आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाल्यास ती रोखण्याचा लेखकाचा अधिकार कायम राहतो. प्रत्येक बदल या सदरात मोडत नाही. लांबीसाठी चार वाक्ये गाळणे वेगळे आणि पात्राचा निर्णयच उलटा करणे वेगळे. परंतु तुमच्या बाबतीत कायद्याच्या आधी एक व्यावहारिक मुद्दा पुढे करता येईल. महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग करण्यापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि प्रयोग त्या मंजूर संहितेप्रमाणे होणे अपेक्षित असते. मंडळाकडे गेलेल्या संहितेत तुमचा शेवट आहे. तेव्हा अंतिम फेरीत कोणता शेवट असावा, ही चर्चा ‘तुमचे की माझे’ अशी न होता संहितेच्या आधारे होऊ शकते. संस्थेच्या कार्यवाहांना आणि दिग्दर्शकांना एकत्र बसवून, पुढील तालमी सुरू होण्यापूर्वीच हे बोलावे. मुलांसमोर बोलू नये.

बोलायला जाण्याआधी एक काम मात्र करा. बदललेला शेवट प्रेक्षकांपुढे कसा गेला, हे शक्य तितक्या कोरडेपणाने आठवून पाहा. तुमच्या पत्रात शेवट बदलल्याचा संताप आहे, पण तो शेवट वाईट होता असे तुम्ही कोठेही लिहिलेले नाही, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. दिग्दर्शकांनी तुम्हाला न विचारणे गैरच होते. तरीही मूळ शेवट तालमीत अडत होता का, नटांना तो पेलत नव्हता का, हे त्यांनाच विचारा. उत्तर पटले तर तो प्रवेश तुम्ही स्वतः नव्याने लिहा आणि बदललेली पाने मंडळाकडे पाठवण्याची जबाबदारी संस्थेवर टाका. पुढच्या नाटकापासून परवानगीपत्रात एक ओळ घाला, की लांबीसाठीची काटछाट दिग्दर्शक करतील, मात्र नवी वाक्ये आणि शेवट यांना लेखकाची लेखी संमती लागेल. आणि तालमींना जात जा. दररोज नको, तेवढी लुडबूड कोणत्याही दिग्दर्शकाला सोसत नाही. पण पहिल्या वाचनाला, उभ्या तालमी सुरू झाल्यावर एकदा आणि रंगीत तालमीला लेखक हजर असलाच पाहिजे.

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यात शिक्षक आहे. कुसुमाग्रजांच्या एका कथेचे नाट्यरूपांतर करून ते स्पर्धेत द्यायचे आहे. ते तर आपल्या सर्वांचेच, मग परवानगी कशासाठी?

उत्तर : आपलेपणा आहे तो आहे, पण परवानगी लागेल. लेखकाच्या निधनानंतर पुढील वर्षापासून ६० वर्षे हक्क अबाधित राहतात. शिरवाडकरांचे निधन १९९९ मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या साहित्यावरील हक्क २०५९ अखेरपर्यंत आहेत. राम गणेश गडकरी १९१९ मध्येच गेले, तेव्हा त्यांच्या लेखनाबाबत ही अडचण येणार नाही. कथेच्या पुस्तकावर ज्या प्रकाशकाचे नाव आहे, त्याला आजच पत्र पाठवा. हक्कधारकांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग तेथूनच सापडतो. पत्रात आपली शाळा, स्पर्धेचे नाव, प्रयोगांची संख्या आणि तिकीट आहे की नाही, हे स्पष्ट लिहा. उत्तर यायला वेळ लागू शकतो आणि प्रवेशिकेची तारीख त्यासाठी थांबत नाही, म्हणून तोवर तालीम एखाद्या स्वतंत्र संहितेची सुरू केलेली बरी.