काम पुण्याला गेलं. मुलाने कॉम्प्युटर सायन्स घ्यावं का?

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. विमा कंपनीच्या आयटी विभागात १४ वर्षं झाली. आमचं काम आता कंपनीच्या पुण्यातल्या केंद्रात जातंय. तिथल्या मुलांना सध्या मीच केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे काम शिकवून सोपवणं) देतोय. तीन महिन्यांनी माझी नोकरी संपेल. अकरावीतल्या मुलाला कॉम्प्युटर सायन्सच करायचंय. त्याला अडवू का?

उत्तर : अडवू नका. मात्र कुठलं काम जातं आणि कुठलं राहतं, हे त्याला आत्ताच दाखवा. ते दाखवायला आज तुमच्याइतकं योग्य कुणी नाही.

प्रिन्स्टनचे अर्थतज्ज्ञ ॲलन ब्लाइंडर यांनी २००६ मध्येच मांडलं होतं की कुठलं काम परदेशी जाईल, हे शिक्षण किती यावर ठरत नाही. दर्जा न घटता काम तारेवरून, म्हणजे इंटरनेट-फोनवरून, पाठवता येतं का, यावर ठरतं. टॅक्स रिटर्न भरणं जातं, नळ बसवणं जात नाही.

तुमची केटीची शीट, म्हणजे सोपवायच्या कामांची यादी, बघा. आपोआप चालणाऱ्या बॅच जॉबवर लक्ष ठेवणं, ठरलेले रिपोर्ट, जुन्या कोडमधले बारीक बदल या ओळींपुढे पहिल्या पंधरवड्यातच ‘पूर्ण’ लागलं असेल. आता रिव्हर्स शॅडोइंगमध्ये, म्हणजे काम ते करतात आणि तुम्ही नुसते बघता तेव्हाही, कोणत्या ओळींसाठी तुम्हाला फोन येतो? क्लेम विभागाने लेखी एक मागितलंय आणि त्यांना हवंय दुसरंच. राज्याचा नियम बदलला, तर आधी काय मोडेल. अशाच ओळी असतील. शीट कंपनीची आहे, घरी कॉपी करू नका. दोन्ही प्रकारची कामं आपल्या शब्दांत वहीत लिहा आणि मुलाला घेऊन बसा. अमेरिकी कामगार आकडेवारी खात्याचा अंदाजही याच दिशेचा आहे: दिलेल्या आराखड्यावरून कोड लिहिणाऱ्या ‘प्रोग्रामर’च्या जागा घटणार, गरज समजून रचना करणाऱ्या ‘डेव्हलपर’च्या वाढणार.

खरी अडचण पहिल्या पायरीची आहे. टेस्टिंग, सपोर्ट ही नवख्यांची शिकायची कामं, आणि तीच आधी बाहेर जातात. म्हणून कॉलेज निवडताना रँकिंगआधी को-ऑप, म्हणजे शिकता शिकता नोकरीची सोय, बघा. ड्रेक्सेल विद्यापीठासारख्या ठिकाणी सहा-सहा महिने पगारी नोकरी अभ्यासक्रमातच असते. जोडीला जागेला बांधलेला एखादा विषय हवा: वीज वितरण, रुग्णालयांची यंत्रणा, कारखान्यातलं ऑटोमेशन. मुलगा अमेरिकी नागरिक असेल तर संरक्षण क्षेत्रही आहे; सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय कामासाठी सरकारी परवानगी) लागणारं काम देशाबाहेर पाठवणं जवळजवळ अशक्य. हाताने काम करायची आवड असेल तर इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिपही कमी लेखू नका. पाच वर्षं, सुमारे ८,००० तास काम, आणि पगार पहिल्या दिवसापासून.

आता पैशांचं. कॉलेजच्या सरकारी आर्थिक मदतीसाठी भरायचा फाफ्सा फॉर्म दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरतो, म्हणजे तुमचा पूर्ण पगार. नुसता फॉर्म भरून थांबलात तर मदत कमी दिसेल. प्रवेश मिळाल्यावर फायनान्शिअल एड ऑफिसला नोकरी संपल्याचं पत्र जोडून ‘प्रोफेशनल जजमेंट’, म्हणजे बदललेली परिस्थिती धरून मदतीचा फेरविचार, मागा.

परदेशी गेलेल्या कामासाठी ‘ट्रेड ॲडजस्टमेंट’ या सरकारी योजनेची मदत मिळते, असं कुणी सांगेल. १ जुलै २०२२ पासून त्यात कामगारांच्या नव्या गटांना मंजुरी देणं बंद आहे. त्यात वेळ घालवू नका. तुमचं राज्य मात्र बरं आहे. १० एप्रिल २०२३ पासून १०० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीने राज्यातल्या ५० जणांना कमी केलं, तर ९० दिवसांची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे एका आठवड्याचा पगार देणं बंधनकारक आहे. तुमचे १४ आठवडे. नोटीस कमी दिवसांची असेल तर आणखी चार.

हा कायद्याने मिळणारा पैसा आहे; तेवढ्याच पैशाच्या बदल्यात कंपनीवरचे कायदेशीर दावे सोडायची सही मागत असतील तर करू नका. वय चाळीस किंवा जास्त असेल, तर सामूहिक कपातीत असा कागद वाचायला ४५ दिवस आणि सही मागे घ्यायला ७ दिवस मिळतात. एवढ्या दिवसांत एम्प्लॉयमेंट वकिलाला तो एकदा दाखवाच.