सोलरचा पाइप खडूसारखा झालाय, ऑइलपेंट मारू का?

प्रश्न: गच्चीवर सोलर बसवून सहा वर्षं झाली. गरम पाण्याची लाइन क्रीम कलरच्या सीपीव्हीसीची (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकची) आहे, सगळी उघड्यावरच. आता पाइप पांढुरका पडलाय, हात फिरवला की भुकटी लागते. प्लंबर म्हणतो घरातला उरलेला ऑइलपेंट मारा, शेजारचे म्हणतात काळा फोम घाला. नक्की काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: ऑइलपेंट अजिबात नको! त्यातलं थिनर सीपीव्हीसीला बाधू शकतं. पाण्यात कालवायचा बाहेरच्या भिंतीचा अॅक्रिलिक इमल्शन आणा, पांढरा नाहीतर फिका, पाइप ओल्या फडक्याने पुसून नीट वाळू द्या आणि दोन हात मारा. डिस्टेंपर मात्र नको, पहिल्या पावसात वाहून जाईल.

भुकटीने घाबरू नका, ऊन वरचाच थर खातं त्यामुळे आतलं प्रेशर पाइप सहसा सोसतो, पण मार सोसत नाही. आमच्याकडे पापडाची बाज सरकवताना बाजेचा पाय जरासा एल्बोला, म्हणजे पाइपच्या वळणावरच्या जोडाला, लागला आणि एल्बो काचेसारखा कट्टकन तुटला, गच्चीभर कढत पाणी आणि पापडांचं काय झालं ते विचारू नका. म्हणून केसासारख्या चिरा दिसतील तेवढा तुकडा आधी बदला, रंगाने चिरा बुजत नाहीत.

फोम घाला की, पाणी गरम राहतं, पण तो पाइपचा स्वेटर आहे, छत्री नाही. उघडा ठेवला तर उन्हात तोच तडकून पापुद्रे सुटतात, वरून अॅल्युमिनियमचं आवरण हवंच. आणि वायरमनची काळी टेप थेट पाइपवर गुंडाळू नका, तिला मऊ ठेवणारं तेल सीपीव्हीसीत उतरून चिरा पाडतं.

क्लॅम्प आवळून टाकलेत का बघा. पाइप २० वरून ७० डिग्रीला गेला की १० मीटरमागे ३ सेंटिमीटर लांबतो, त्याला सरकायला जागा नसेल तर धनुष्यासारखा वाकतो आणि सगळा ताण एल्बोवर येतो.

टाकीतून निघणारा पहिला मीटरभर पाइप जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) किंवा तांब्याचा करून घ्या. सीपीव्हीसीची मर्यादा ९३ डिग्री, आणि मे महिन्यात तुम्ही आठ दिवस गावाला गेलात तर काचनळ्यांच्या सोलरमध्ये पाणी उकळतं.